टबातले मासे

मावशीच्या हाताला डोळे आहेत, असं कारखान्यात सगळे म्हणायचे आणि मावशी ते म्हणू द्यायची. कारखाना पेट्यांचा. व्हायोलिन, कॅमेरे, दवाखान्यातली नाजूक यंत्रं, जे काही धक्का न लागता लांब जायला हवं त्याच्यासाठी इथं पेटी बनायची आणि पेटीतला काळा फोम मावशी कापायची. ती खोबण अशी कोरायची की वस्तू आत गेली की झोपलेल्या पोरासारखी गप्प. अठ्ठावीस वर्षं हेच काम. मालकांनी शाबासकीचा शब्द मात्र कधी काढला नव्हता. त्यांचं तोंड फक्त चुका दाखवायलाच उघडायचं.

खोबण कोरली की आतून जो तुकडा निघतो तो गाभा. हा कचरा कामगारांनी घरी न्यायला कुणाची हरकत नसे. पहिल्या नमुन्याचा गाभा मात्र खोबणीत परत बसवून गिऱ्हाइकाकडे जायचा, वाटेत खोबण दबू नये म्हणून. गिऱ्हाईक आपली वस्तू बसवून बघायचं आणि काही चुकलं असेल तर गाभ्यावरच पांढऱ्या शाईनं लिहून, खाली सही करून परत पाठवायचं. कागद हरवतो, गाभा हरवत नाही, ही मालकांच्या वडिलांची शिकवण.

यंदाची मोठी ऑर्डर आठशे पेट्यांची होती. कागदावर लिहिलं होतं, जमीन मोजण्याच्या यंत्रांचे भाग. पोट फुगीर, एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला चार पाती. एका पेटीत असे चार. यंत्राचं पोट फुगीर का असेना, मावशीला काय त्याचं? आपण बरं, आपलं काम बरं. तिनं गाभे पिशव्या भरभरून घरी नेले, त्यांच्या उशा केल्या आणि उरलेले नातीला दिले. चार वर्षांच्या नातीनं बघताक्षणी ठरवून टाकलं की हे मासे आहेत. ते पाण्यावर तरंगतही छान.

मावशीची भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, वेगळ्याच नादाची. परदेशात शस्त्रं विकायचे परवाने जिथं मिळतात, त्या कचेरीसमोर ती दर बुधवारी फलक घेऊन उभी राहायची. तिच्याबरोबर तीन माणसं आणि एक कुत्रा. त्यातल्या त्यात कुत्रा नियमित येतो, असं मावशी सगळ्यांना सांगायची.

एका रविवारी दुपारी ती भाची आली. न्हाणीघरात नातीची आंघोळ चालली होती. टबात साबणाचा फेस आणि फेसात सहा मासे. भाची दारातच थबकली.

"मावशी, हे कुठून आणलंस?"

"कारखान्यातून. का? तुलाही हवेत?"

भाचीनं फोन पुढं केला. फोटोत कुणाच्या तरी घरातलं न्हाणीघर होतं. छताला भोक, बादली आडवी पडलेली आणि फरशीत रुतलेली चार पाती.

"उखळी तोफेचा गोळा आहे. हा फुटला नाही, म्हणून फोटो तरी आहे," भाची म्हणाली.

मावशीनं नातीला अंगावरच्या साबणासकट टबाबाहेर उचललं. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. एक मासा तिनं मुठीत घट्ट धरला होता. मावशीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. टबातल्या पाण्याची तिला किळस आली. मग आपल्या हातांची आली. आणि तीन महिने जिच्यावर गाल टेकून ती झोपली होती त्या उशीचीही.

"गुरुवारी हे गोळे पाठवणाऱ्या कंपनीच्या परवान्याची सुनावणी आहे," भाची म्हणाली. "कंपनी म्हणते, आम्ही मोजणीची यंत्रंच पाठवतो. आमच्याकडे पुरावा नाही. पण तू साक्ष दिलीस तर तुझी नोकरी जाईल. मी काही मागत नाहीये."

"मागत नाहीस तर सांगतेस कशाला?" मावशी खेकसली आणि कपाट उघडायला गेली.

पहिल्या नमुन्याचा गाभा तिनं साड्यांखाली जपून ठेवला होता. जपून म्हणजे रागानं. कित्येक वर्षांत तिच्या कामावर कुणी शेरा मारला नव्हता, तो ह्या गिऱ्हाइकानं मारला होता. आता तिनं तो पुन्हा वाचला. 'घट्ट बसतो. एका हातानं पटकन निघत नाही. दोन मिलिमीटर सैल करा.' खाली सही. तेव्हा तिला नुसता अपमान वाटला होता. जमीन मोजणाऱ्याला एवढी कसली घाई, हा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नव्हता. आणि तिनं सैल करून दिलं होतं, अगदी मन लावून, बरोब्बर दोन मिलिमीटर.

गुरुवारी ती रजा न टाकता सुनावणीला गेली. लांब टेबल, पंखा, परवाना अधिकारी, आणि समोर कंपनीचा साहेब. अत्तराचा वास त्याच्या आधी खोलीत शिरला होता. मागच्या बाकावर कारखान्याचे मालक अंग चोरून बसले होते. मावशीनं गाभा टेबलावर ठेवला.

साहेब हसला. "फोमचा तुकडा आहे हा. कशाचाही असू शकतो. मला तर मासा वाटतोय."

"माझी नातही हेच म्हणाली," मावशी म्हणाली. "ती चार वर्षांची आहे. तुम्ही?"

मग तिनं गाभा उलटा केला आणि त्यावरचा शेरा मोठ्यानं वाचला. वस्तू बसवून बघितल्याशिवाय असा शेरा मारता येत नाही, हेही तिनं सांगितलं. अधिकाऱ्यानं चष्मा लावला, फाईल चाळली. कंपनीच्या अर्जाला जोडलेल्या तपासणीच्या कागदावर तीच सही होती, तसाच शेपटीला झटका दिलेली. कंपनीनं नावं खोडली, कागद बदलले, सगळं झाकलं. कचऱ्यावर सही राहिली, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"एका हातानं पटकन," अधिकारी स्वतःशीच म्हणाला. त्यानं परवाना थांबवला. सहाशे पेट्या अडल्या.

दोनशे आधीच गेल्या होत्या.

बाहेर बोळात मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मावशीनं मान डोलावली. त्याची तयारी तिनं रविवारीच केली होती. साहेब मागून आला. रागावल्यासारखा दिसत नव्हता, आणि तेच जास्त ओंगळ होतं.

"काम मात्र एक नंबर हां, मावशी," तो हळूच म्हणाला. "सैल करून दिलंत ना, त्यानंतर तिकडून एकही तक्रार नाही. फार खूश आहेत लोक."

अठ्ठावीस वर्षं मावशीनं ह्या शब्दांची वाट बघितली होती. तिला भडभडून उलटी झाली, थेट त्याच्या चकचकीत बुटांवर. माफीही तिनं मागितली नाही.

घरी येऊन तिनं सगळ्या उशा उसवल्या. सगळे गाभे पोत्यात भरून भाचीकडे पाठवले, पुरावा म्हणून. संध्याकाळी नात टबात बसली आणि रिकाम्या पाण्याकडे बघू लागली.

"आजी, मासे कुठं गेले?"

"गेले. दूर, लोकांच्या घरी."

नातीनं जरा विचार केला.

"त्यांच्याकडे टब आहे?"

"आहे," मावशी म्हणाली आणि तांब्या भरून घेतला. ओतायला हात उचलेना.