पहिला घोट

प्रितमने पिंपाची तोटी सोडून मातीच्या पेल्यात गडद लाल वाइन घेतली आणि दारात उभ्या पाहुण्यांकडे वळला. त्यांच्यात हृषिकेश होता. सोबत त्याची होणारी बायको स्वरदा आणि पुण्याहून आलेले तिचे वडील, श्रीनिवासराव. हृषिकेशने प्रितमला आत शिरतानाच पाहिलं होतं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं होतं.

गेल्या वर्षी मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या फ्लॅटमध्ये दोघं एकाच खोलीत राहायचे. प्रितमने भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि त्या संध्याकाळपासून त्याने घासलेला ग्लास हृषिकेश पुन्हा विसळून घेऊ लागला. तोंडाने अवाक्षर नाही, फक्त नळाचा आवाज. एकदा प्रितमने विचारलंच, तर म्हणाला, "हायजीन रे. पर्सनल घेऊ नकोस." प्रितम तिथून निघाला, पण तो नळ त्याच्या डोक्यातून गेला नाही. वर्षभर तो सूड उगाळत बसला होता, आणि आज सूड आपल्या पायांनी चालत आला होता.

शहराबाहेरच्या यारा व्हॅलीतली ही वाइनरी म्हाताऱ्या बेप्पेची. इटलीत त्याचे आजोबा करायचे तसाच तोही द्राक्षं माळ्यावर महिनोन्‌महिने सुकवायचा, मग पायांनी तुडवायचा. यंदा गुडघे दुखतात म्हणून युनिव्हर्सिटीतून वीकएंडला कामाला येणाऱ्या प्रितमला त्याने हौदात उतरवलं होतं. घरची रीत तो पाहुण्यांना कौतुकाने सांगू लागला. पहिला घोट तुडवणाऱ्याचा. मग त्याच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं, आणि शेवटी पिणाऱ्याने पेला धुऊन खुंटीला टांगायचा.

प्रितमने सावकाश घोट घेतला. पेल्याच्या काठाला ओठ चांगले टेकवले. मग पेला श्रीनिवासरावांना दिला, हृषिकेशला मुद्दाम शेवटी ठेवलं. सासरे खुशीत प्यायले, स्वरदाही प्यायली.

"मी ड्राइव्ह करतोय," हृषिकेश म्हणाला.

"जाताना मी चालवीन. घे ना," स्वरदा म्हणाली.

सासरे बघत होते. हृषिकेशने पेला हातात फिरवला, काठाची एखादी कोरी जागा शोधत. तशी जागा नव्हती. शेवटी डोळे मिटून त्याने उरलेली वाइन गिळली. प्रितमला मनापासून आनंद झाला, आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

बेप्पेने नळाकडे बोट केलं. हृषिकेशने पेला धुतला, खुंटीला टांगला आणि रुमालाने हात कोरडे करत दाराकडे निघाला. इतकंच व्हायचं होतं. प्रितमच्या मनात याच्यापुढचं काही नव्हतं.

तरी त्याचा हात खुंटीकडे गेला. त्याने पेला खाली काढला, नळ सोडला आणि पेला पुन्हा धुऊ लागला. आतून, बाहेरून, काठ अंगठ्याने घासून.

हृषिकेश दारातच थबकला.

"तो आत्ताच धुतला ना याने?" स्वरदाने विचारलं.

प्रितमने पेला पुन्हा नळाखाली धरला. तिने हृषिकेशकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही ओळखता का एकमेकांना?"

प्रितमने नळ बंद केला.

"ते हृषिकेश सांगेल," तो म्हणाला, आणि ओला पेला त्याने खुंटीला टांगला.