लोखंडाचं भाडं आणि माणसाचं

केशरबाईनं अख्ख्या बाळापुरात सांगून टाकलं होतं, की तिचा देवमन समुद्रापार जाणार आणि तोही स्वतःच्या पैशानं, कुणाच्या उपकारावर नाही. नदीवर धुणं धुताना सांगितलं, बाजारात वांग्यांच्या ढिगामागं बसून सांगितलं, आणि ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना तर दोनदा सांगितलं.

देवमन अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. माळ्याचं पोर, पण हातात खुरपं टिकेना आणि पाना सुटेना. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात, कापसाचा हंगाम संपल्यावर, युगांड्याहून त्रिकमशेठ नावाचा गुजराती शेठ अकोल्यात आला. तिकडं त्याचा स्वतःचा जिन होता. इथल्या मालकाची जुनी यंत्रं त्यानं विकत घेतली आणि ती खोलून पेट्यांत भरायचं काम देवमनकडं आलं. शेठ दोन दिवस बाजूला उभा राहून पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "यंत्रं तर नेतोच आहे, तू पण चल. तिकडं ती उभी कोण करणार?"

पगार इथल्या चौपट. देवमन असा हरखला, की त्या दिवशी जेवायचंच विसरला. मग शेठचा इथला मुनीम वामनराव यानं खर्च सांगितला. आगबोटीचं तिकीट, तिकडच्या सरकारचं परमिट, त्या परमिटासाठी ठेवायची अनामत, पासपोर्ट. सगळं मिळून हजाराच्या वर.

"ज्यानं जायचं त्यानं भरायचं, अशीच रीत आहे," वामनराव म्हणाला. "नसतील तर शेठ भरतील. मग तीन वर्षं पगारातून कापतील, आणि तोवर पासपोर्ट शेठच्या तिजोरीत राहील."

केशरबाईनं हे ऐकलं आणि चूल फुंकायची हातातली फुंकणी खाली ठेवली.

"तिजोरीत? पोराले गहान ठेवू काय मी? काई गरज नाई. खालची पट्टी इकून टाकू."

खालची पट्टी म्हणजे विहिरीलगतचं वावर. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं राखलेलं. त्यातली मेथी अकोल्याच्या बाजारात नाव घेऊन मागायचे लोक. शेजारचा रामराव कधीचा डोळा ठेवून होता त्या पट्टीवर. त्याला निरोप गेला, आणि तो गुरुवारी बयाना घेऊन येतो म्हणाला.

बुधवारी सकाळी सासू-सुना बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सून जाईबाई कमी बोलायची. पण त्या दिवशी तिच्या तोंडात काहीतरी घोळत होतं, आणि केशरबाईला ते दिसत होतं.

"आत्याबाई, एक इचारू?"

"इचार. नाई म्हटलं तं काय गप बसशीन?"

"कांदा लावाले आपून पारसहून बाया आनतो. तवा गाडी कोनाची असते?"

"आपली. मंग काय बाया पायी येतीन?"

"आन सांजी पोचवून कोन देते?"

"आपूनच. बोलावनाऱ्यानं न्यावं आन बोलावनाऱ्यानंच पोचवावं. तुह्या माहेरी उलटं हाय काय?"

"नाई, आमच्याकडंबी असंच हाय." जाईबाईनं जुडीला वाकाची दोरी गुंडाळली. "मंग तुमच्या लेकाले शेठनं बोलावलं, तं गाडी आपली काहून?"

केशरबाई ताडकन म्हणाली, "तुले काय समजते? आपून कोनाचं फुकट खात नसतो."

"पारसच्या बाया फुकट खातात काय?"

केशरबाईनं जुडी टोपलीत अशी आपटली, की मेथीची पानं उडाली. सुनेचं बोलणं खरं निघालं याचा तिला राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा, की ते आपल्याला आधी कसं सुचलं नाही. संध्याकाळी ती स्वतःच उठून रामरावाच्या दारात गेली.

"भाऊ, बयाना उद्या नोका आनू."

"काहून व? बदलली काय?"

"बदलली नाई. इचार करून राहिली."

"आता इचार? गावभर तं सांगून झालं."

"सांगतलं मी, आन इचारबी मीच करीन. तुमी घोटभर पानी प्या."

घरी येताना मात्र तिचे कान तापले होते. गाव हसणार, हे तिला ठाऊक होतं. पट्टी गेली तर पोर मोकळं, पट्टी राहिली तर पोर शेठच्या तिजोरीत. दोन्हींतलं एकही तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ती सकाळच्या मोटारीनं अकोल्याला गेली. जिनाच्या आवारात लाकडी पेट्यांची रांग लागली होती. त्रिकमशेठ खुर्चीवर बसून चहा पीत होता, वामनराव हाताशी उभा. देवमन एका पेटीचं झाकण ठोकत होता. मायला पाहून त्याची हातोडी वरच्या वर थांबली.

"रामराम शेठ. मी देवमनची माय."

शेठनं तिच्यासाठी खुर्ची मागवली. ती बसली नाही. तिनं जवळच्या पेटीवर थाप मारली.

"याच्यात काय हाय?"

"यंत्र आहे, बाई."

"याचं बोटीचं भाडं कोन देते?"

"मीच देतो."

"आन तिकडच्या सरकारले जकात?"

"ती पण मीच देतो."

"म्हंजे हे लोखंड तुमच्या पैशानं जाते, आन लोखंड चालवनारा सोताच्या पैशानं? लोखंडाले माय नाई, बाप नाई, तरी त्याचा थाट पाहा!"

पेट्या उचलणारे हमाल हसले. वामनरावानं टोपी सारखी केली. "बाई, यंत्र शेठनी विकत घेतलंय. माणूस काही विकत घेतलेला नाही."

"तेच तं सांगून राहिली, मुनीमजी. इकत घेतला नाई. बोलावला हाय."

शेठनं चहाचा कप खाली ठेवला. बाईचं म्हणणं त्याला लागलं होतं, पण त्याचंही एक दुखणं होतं. "ऐका बाई. गेल्या वर्षी एकाला असाच नेला. सगळे पैसे मी भरले. महिन्यात तो पलीकडच्या जिनावर गेला, चार पैसे जास्त मिळाले म्हणून. माझे पैसे बुडाले. मग मी काय करायचं?"

हे दुखणं केशरबाईला कळत होतं. तिच्या गाडीतून आलेली एक बाई न्याहारी करून भर दुपारी रामरावाच्या वावरात लावणीला गेली होती, ते ती अजून विसरली नव्हती. तिला शेठची थोडी कीव आली, पण ती तिनं तोंडावर दिसू दिली नाही.

"तुमचं म्हननं खोटं नाई. मंग असं करू. जाचा सगळा खर्च तुमी करा, दोन हंगाम देवमन तुमचं काम करीन. त्याच्या आंधी त्यानं सोडलं, तं बोटीचं भाडं मी भरून देईन. वावर इकीन, पन देईन. दोन हंगाम झाले, नाईतं तुमीच त्याले काढलं, तं घरी पोचवाचं भाडं तुमचं. आन पगारातून एक पैसा कापाचा नाई."

शेठनं देवमनकडं पाहिलं, पेट्यांकडं पाहिलं. ही यंत्रं उभी करणारा दुसरा त्याला तिकडं मिळणार नव्हता. "ठीक आहे," तो म्हणाला. "मंजूर. पण पासपोर्ट माझ्याकडं राहील."

इतका वेळ उभी असलेली केशरबाई आता पेटीवर टेकली.

"शेठ, तुमी बैल इकत घेतला कधी?"

"बाई, माझ्याकडं मोटारी आहेत."

"बाजारात आमी बैल इकतो, पैसे घेतो, पन दावं सोडून घरी आनतो. घेनारा त्याचं दावं घेऊन येते. इकलेल्या बैलाचंबी दावं आमी कोनाले देत नाई. आन पोरगं तं मी इकून नाई राहिली."

"हे दावं नाही, बाई, पासपोर्ट आहे," वामनराव वैतागून म्हणाला.

"त्याच्याबिगर पोरगं घरी येऊ शकते काय?"

"नाही."

"मंग दावंच हाय. ते माह्या पोराच्या खिशात राहीन."

शेठ इतक्या मोठ्यानं हसला, की चहाचा कप कलंडला. "आमचे बापूजी पण बैल विकून आले की दोरी खांद्यावर घेऊन यायचे," तो म्हणाला. "मी लहानपणी विचारायचो, बैल गेला, दोरी कशाला? वामनराव, लिहा. बाई सांगतात तसंच लिहा."

वामनरावानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. घरी पोचवायच्या भाड्याचा भाग केशरबाईनं पुन्हा वाचून घेतला. मग सगळी अक्षरं जागेवर बसवत, वेळ घेऊन, सही केली. देवमनच्या तोंडावर हसू काही केल्या मावत नव्हतं.

"अजून काही, बाई?" शेठनं विचारलं.

"नाई," केशरबाई समाधानानं म्हणाली.

"हाय," मागून जाईबाई म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं घट्ट धरला होता, पण आवाज स्वच्छ होता. "दुसऱ्या हंगामाले मीबी जाईन तठी. माह्यं भाडं कोन देईन?"

केशरबाई गर्रकन वळली. हे घरात कधी निघालं नव्हतं. देवमन पेटीच्या खिळ्यांकडं पाहू लागला, म्हणजे नवरा-बायकोचं आपसांत ठरलेलं होतं. शेठ बिचारा धास्तावून कधी सासूकडं, कधी सुनेकडं बघत होता. एका बाईनं एवढं घेतलं, आता दुसरी काय घेते!

केशरबाईच्या तोंडाशी चांगलं जहाल काहीतरी आलं होतं. पण पोरीनं तिच्यासारखाच भर आवारात, हमालांसमोर, सरळ सवाल टाकला होता. तिला तो आवडला.

"शेठ, तुमी भेऊ नोका," ती म्हणाली. "हिले तुमी बोलावलं नाई." मग ती लेकाकडं वळली. "काय रे, तू बोलावून राहिला काय हिले?"

देवमन कानापर्यंत लाल झाला. "हो, माय."

"मोठ्यानं बोल. मुनीमजीले ऐकू जाऊ दे."

"बोलावून राहिलो!"

"मंग भाडं तुह्यं. पयल्या पगारापासून बाजूले ठेवत जाय."

हमाल पुन्हा हसले, या वेळी वामनरावसुद्धा हसला. शेठनं दोघींसाठी चहा मागवला, आणि केशरबाईनं तो बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश प्यायला.

परतीच्या मोटारीत तिनं जाईबाईला खिडकीची जागा दिली. अर्ध्या रस्त्यात ती सुनेच्या कानाशी वाकली.

"आन तठून परत यायचं भाडं जाच्या पयलेच त्याच्यापासून मांगून घेजो. माह्या पोटचा हाय, पन नवऱ्याच्या जातीचं काई सांगता येत नाई."