चिकाची वाटी

मी एक स्टीलची वाटी बोलतेय. आकाराने मूठभर, पण माझ्या काठाला ज्यांचे ओठ लागले, त्यातल्या निम्म्यांचं वय अजून एक दिवससुद्धा झालं नव्हतं.

जन्म कारखान्यातला, अक्कल मात्र आली भोरच्या बाजारात, गोरखशेठच्या भांड्यांच्या दुकानात. फळीवर बसून मी माणसं ओळखायला शिकले. टिचकी मारून आवाज ऐकणारा घेऊन जातो. आधी भाव विचारणारा चहा पिऊन जातो.

एका सकाळी पालीच्या रतनबाई आल्या. टिचकी नाही, घासाघीस नाही. "शेठ, लेक बाळंत झाली. मध चाटवायला बारकी वाटी द्या. बिगीनं!" गिऱ्हाईक भाव करत नाही तेव्हा ते घाबरलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात गेल्यावर कारण दिसलं. त्यांच्या लेकीची, शिवानीची, मुलगी लहानखुरी आणि झोपाळू. अंगावर घेतली की दोनदा चोखायची आणि डोळे मिटायची. संध्याकाळपर्यंत पोटात दूध गेलं नाही तर पुण्याला हलवावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते.

रतनबाईंनी मधाची बाटली उघडली, तोच दीपमाला सिस्टरांनी मला त्यांच्या हातून काढून घेतलं.

"मावशी, मध न्हाई. आईचंच दूध द्यायचं."

"दूध कुठं आलंय अजून? पिवळं, चिकट येतंय. ते म्या फडक्यावर पिळून टाकाय लावलं."

"तुमची म्हैस व्याली की पयल्या धारा फडक्यावर टाकता?"

"टाकतीय व्हय! रेडकाला चीक नगं का..." बोलता बोलता रतनबाईंनी मधाच्या बाटलीला झाकण लावलं.

खाटेवरून शिवानी म्हणाली, "आये, माझी लेक रेडकापरीस गेली का गं?"

सिस्टरांनी मला पाण्यात घालून चांगलं उकळलं आणि निवू दिलं. "आता हातानं चीक काढून ह्यात घेऊ."

"ह्यात माझा हात कोण धरणार न्हाई," म्हणत रतनबाईंनी पदर खोचला आणि गोठ्यातल्यासारखी धार ओढली. शिवानी किंचाळलीच!

"अवो मावशी, ओढायचं न्हाई! ती काय म्हैस हाय?" सिस्टरांनाही हसू आवरेना. "बोंडापास्नं बोटं जरा मागं ठेवायची, छातीकडं दाबायची, मग सोडायचं. शिवानी, तूच कर. मावशी, तुमी पाठ चोळा नुसती."

अख्खा वॉर्ड हसला. शिवानीही हसली, आणि त्या हसण्यातच पहिला थेंब माझ्या तळाला पडला.

सगळं मिळून चमचाभरही नव्हतं. मी पडले बाजारातली; एवढ्याशा मालाला कोण विचारतो, असं मनात आलं. पण सिस्टरांनी बाळाला जरा उभं धरलं आणि माझा काठ त्याच्या खालच्या ओठाला नुसता टेकवला. ओतलं नाही. इवलीशी जीभ बाहेर आली आणि मांजराच्या पिलागत चाटू लागली.

"एवढ्याशा पोटाला आत्ता एवढं रग्गड," सिस्टर म्हणाल्या. मग दर दोन तासांनी तेच. मधल्या वेळात बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून गोधडी. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं आणि पुण्याचा बेत रद्द केला.

तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला. सिस्टरांनी स्टूल ओढलं, बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबल्या आणि मग अलगद जवळ आणलं. बाळाने घट्ट धरलं. गुटूक, गुटूक! रतनबाईंनी पदराने डोळे पुसले. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. आयुष्यात एवढी सुखात मी कधी नव्हते.

घरी जाताना रतनबाईंनी मला सिस्टरांच्या हातात ठेवलं. "हितंच ऱ्हाऊ द्या. दुसरीच्या लेकराला हुईल."

तेव्हापासून मी इथेच आहे. हजार कामं टाकून जी बाई एका बाळंतिणीशेजारी अर्धा तास बसते, तिच्या हाताखाली राबायला मिळालं. वाटीच्या जातीला आणखी काय हवं? तुम्हीही बाळंतिणीला भेटायला याल, तेव्हा 'दूध पुरतंय का?' म्हणून तिला धास्ती घालू नका. शेजारी बसा, धीर द्या.

आणि कपाटात मी पालथी दिसले तर हळहळू नका. वॉर्डातली सगळी लेकरं आईच्या अंगावर प्यायला लागली, की मला पालथं घालतात.