मी जोडलेला भाडेकरार

मित्रांनो, हव्या तेव्हा टेबलावर कधीच सापडत नाहीत अशा ज्या वस्तू असतात, त्यांत माझा नंबर पहिला. मी एक जुना स्टेपलर आहे. अंगाने लोखंडी, रंगाने कधीकाळी निळा आणि स्वभावाने आता जरा वैतागलेला. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी असं व्हायचंच. पण मला म्हातारपणाने नाही, कागदांनी वैताग आणला.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, पोटात स्प्रिंग घातली, तळाला रबर चिकटवलं आणि एकदा दाबून पाहून मला खोक्यात टाकलं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. दवाखान्यांतून त्यांच्याकडे लोकांच्या जबड्यांचे साचे पिशव्यांतून येत. त्या पिशवीला नावाची चिठ्ठी जोडणं हे माझं काम. चिठ्ठी सुटली तर एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात जायचे. त्यामुळे माझ्या कामाला मान होता. पांढऱ्या भुकटीने माझं अंग माखलं, की बाई मला रोज फडक्याने पुसायच्या. ते दिवस सुखाचे होते.

मग बाईंच्या नवऱ्याला परदेशात काम मिळालं. ते लिफ्ट दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. बाईही निघाल्या. इथल्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासोबत बाईंची आई राहायची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची आणि मोजकं बोलणारी. तिलाही चल म्हणून पुष्कळ विनवलं. तिने सांगितलं, माझी झाडं आहेत, शेजारीण आहे, तुम्ही जा. शेवटच्या क्षणी बाईंनी मला पर्समध्ये टाकलं. परदेशात कागदपत्रं फार लागतात असं त्यांना कुणीतरी बजावलं होतं.

मित्रांनो, लागतात हा शब्द फारच सौम्य आहे.

नव्या देशातल्या कर कार्यालयात पहिल्याच दिवशी खिडकीवरच्या माणसाने मी जोडलेले सगळे कागद हातात घेतले, तोंड वाकडं केलं आणि माझ्या पिना एकेक करून उपसून काढल्या. कागद सुटे हवेत, मशीनमध्ये अडकतात, म्हणाला. बाईंनी निमूट ऐकलं. पुढच्या आठवड्यात त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या खिडकीने सुटे कागद परत ढकलले. असा पसारा कोण सांभाळणार, नीट जोडून आणा. मी जोडायचं, त्यांनी उपसायचं. माणसाचं काय व्हायचं ते होवो, पण कागदाच्या कोपऱ्याची पार चाळण झाली.

भांडण होतं साधंच. बाईंच्या तिथल्या पगारावरचा कर कुठल्या देशाने घ्यायचा? जुना देश म्हणे, या आमच्या रहिवासी. नवा म्हणे, छे, आता आमच्या. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो असं म्हणतात. इथे उलटंच झालं. दोन्ही घरं पाहुण्याच्याच ताटात जेवायला बसली.

यावर उपाय म्हणजे, बाई आता आमच्या रहिवासी नाहीत, असा जुन्या देशाकडून एक दाखला आणायचा. जुना देश म्हणाला, देतो, पण तुम्ही तिकडे राहता याचं तिथल्या कर कार्यालयाचं पत्र आणा. ते कार्यालय म्हणालं, पत्र देतो, पण आधी तुमचा दाखला दाखवा. बाई घरी येऊन पर्स सोफ्यावर आपटायच्या. आत मी असायचो, हे त्यांच्या लक्षातही नसायचं. लिफ्टवाले म्हणायचे, होईल गं. या दोन शब्दांनी त्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी दुसऱ्या कशाने झाली नाहीत. एकदा बाई म्हणाल्याच, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाला तुम्ही होईल म्हणता का? मग मला का म्हणता?"

त्या दिवसापासून लिफ्टवाले रांगेत स्वतः उभे राहू लागले. त्यांनीच एक कर सल्लागार बाई शोधून काढल्या. सल्लागारांनी सगळे कागद चाळले आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. दोन्ही देश हक्क सांगतात, तेव्हा आधी पाहतात की तुमचं कायमचं घर कुठे आहे. तुमचं तर जुन्या देशात स्वतःचं घर उघडं आहे. कधीही जा आणि राहा. मग जुना देश तुम्हाला का सोडेल?

"तिथे माझी आई राहते," बाई म्हणाल्या.

"मग त्यांना भाडेकरू करा," सल्लागार म्हणाल्या. "रीतसर करार करायचा. आणि नुसता कागदोपत्री नाही. भाडं खरंच घ्यायचं, घराचा ताबा खरंच त्यांचा. खोटा करार मी करून देत नाही."

घरी येईपर्यंत बाईंनी पर्स छातीशी धरली होती आणि आतून मला त्यांचा श्वास कळत होता. जिने आपल्याला वाढवलं तिच्याकडून भाडं घ्यायचं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? फोनवर सांगणं त्यांना जमेना. विषय काढायच्या आणि हवापाण्यावर यायच्या. शेवटी रजा काढून त्या एकट्याच गेल्या. मीही गेलो, अर्थात पर्समधून. विमानतळावर मला बाहेर काढून उलटसुलट तपासलं. जणू मी विमानाला पीन मारणार होतो.

आईने दार उघडलं, मुलीला पोटाशी धरलं आणि विचारलं, काय झालंय? तू अशी न कळवता येत नाहीस. बाईंनी दोन दिवस कपाटं आवरली, पडदे धुतले. तिसऱ्या दिवशी कराराचे कागद टेबलावर ठेवले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. देश, दाखला, खिडक्या, सल्लागार, आणि अगदी शेवटी, मान खाली घालून, भाडं.

आईने चष्मा लावला. सगळी पानं वाचली. मध्येच उठून गॅस बंद करून आली आणि राहिलेली वाचली. मग म्हणाली, "म्हणजे मी भाडेकरू आणि तू मालक."

"कागदावर गं, आई. फक्त टॅक्ससाठी."

"कागदावर म्हणजे खरंच. तुझी सल्लागार बरोबर बोलली. पेन्शनमधून दर महिन्याला भाडं देईन. पण मग मला भाडेकरूचे हक्क हवेत. न्हाणीघराचा नळ कधीपासून गळतोय. फोनवर सांगितलं, की तुम्ही दोघं होईल म्हणता. मालकाने तो आधी दुरुस्त करून द्यावा."

बाईंना हसू आलं आणि मग रडू आलं, की आधी रडू आलं, मला नीट कळलं नाही. मी त्या वेळी टेबलावर तोंड उघडं टाकून पडलो होतो. सह्या झाल्या. बाईंनी पानं जुळवून माझ्या जबड्यात धरली आणि दाबलं. पीन वाकडी गेली. आईने मला हातातून काढून घेतलं, वाकडी पीन नखाने उचकटली आणि पुन्हा दाबलं. या वेळी पीन पार गेली.

नळवाला आला, नळ दुरुस्त झाला. बाई गडबडीने परत निघाल्या आणि मला टेबलावरच विसरल्या.

पुढचं मला फोनवरच्या बोलण्यातून कळलं. करार पाहून जुन्या देशाने तीन नव्या शंका काढल्या. तिथल्या एका खिडकीने विचारलं, आई भाडेकरू कशी असेल? लिफ्टवाल्यांनी प्रत्येक महिन्याच्या भाड्याचा पुरावा पाठवला. पुष्कळ हेलपाटे झाले, पुष्कळ डोकेदुखी झाली, पण शेवटी जुन्या देशाने पत्राचा हट्ट आणि बाईंवरचा हक्क, दोन्ही सोडले. आणि दाखला आला तो कसा? कॉम्प्युटरवर. त्यावर छापलं होतं, कागदी प्रत पाठवू नये. हे ऐकून मला काय वाटलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

इकडे मी टेलिफोनशेजारी धूळ खात पडलो. कधी कुणी खिळा ठोकायला मला वापरलं, कधी शेजारणीने चुकीच्या मापाच्या पिना कोंबल्या. माझी स्प्रिंग तेव्हापासून दुखते.

कराराची मुदत संपत आली, तेव्हा बाईंचा फोन आला. आवाज आनंदी होता. आई, सुटलो, आता आम्ही इकडचेच झालो, सल्लागारांना विचारलंय, आता करार नसला तरी चालेल. भाडं बंद कर. तू आपली पहिल्यासारखी राहा.

आई म्हणाली, "नको. नवा करार पाठव."

बाईंनी का म्हणून विचारलं.

"लहानपणी बापाच्या घरात राहिले. मग तुझ्या बाबांच्या. मग तुझ्या. कुठल्याही घराच्या कागदावर माझं नाव नव्हतं. या कागदावर आहे. राहू दे."

बाईंनी विचारलं, "काही दुरुस्ती हवी आहे का?"

"बाल्कनीचं दार अडकतं," आई म्हणाली.

नवा करार आला. आईने माझ्या पोटातल्या चुकीच्या पिना चिमट्याने काढल्या, नव्या घातल्या, सांध्यात तेलाचा थेंब सोडला आणि मला पुसलं.

तर मित्रांनो, कागदांच्या नावाने खुशाल बोटं मोडा. मीही मोडली असती, पण मला बोटं नाहीत. माझ्यात मात्र मापाच्याच पिना घाला आणि माझ्याने खिळे ठोकू नका. आणि आपल्या माणसासमोर सहीचा कागद ठेवाल, तेव्हा शेजारी बसा. त्याचं वाचून होईपर्यंत उठू नका.