ज्याच्या हाती चेंडू, त्याने बोलायचं

मी एक जुना चेंडू आहे, मित्रांनो, पण माझ्याशी आजवर कोणी खेळलेलं नाही. माझा टप्पाच पडत नाही. वरून सोडलं, की मी धप्पकन जिथल्या तिथे बसतो, पोटभर जेवलेल्या माणसासारखा. माझ्या पोटात लोकरीचे जुने पायमोजे आहेत आणि वरचं कापड एका पिवळ्या पडद्याचं आहे. तरीही मी विद्यापीठात गेलो. नुसता गेलो नाही, तिथे चांगली नोकरी केली.

मला शिवलं आमच्या बाईंच्या सासूबाईंनी. बाई संख्याशास्त्र शिकवायच्या. वर्गातली मुलं त्यांना मॅडम म्हणत. मी घरात जन्मलो, म्हणून माझ्यासाठी त्या बाईच. बावीस वर्षं बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत आल्या होत्या आणि मुलं त्यांच्या पाठीकडे बघत शिकत आली होती. दोन्ही बाजूंचं बरं चाललं होतं. मग विद्यापीठाने बाईंना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, अध्यापनातले नवे प्रयोग. तिथे सगळ्या प्राध्यापकांना गोल बसवलं आणि रंगीत कागदावर आपापली अडचण लिहायला सांगितली. बाईंनी लिहिलं, 'माझ्या वर्गात कोणी बोलत नाही.' शेजारच्या प्राध्यापकांनी मान लांब करून तेच उतरवून घेतलं. शेवटच्या दिवशी उपाय मिळाला. वर्गात चेंडू फेकायचा. ज्याच्या हाती चेंडू, त्याने बोलायचं.

"अगं, तू विद्यापीठात शिकवतेस की बालवाडीत?" सासूबाईंनी विचारलं.

"नवी पद्धत आहे, आई."

"मग विकत आण की एखादा."

"विकतचा टणक असतो. कुणाच्या नाकावर बसला, तर चौकशी माझी व्हायची."

सासूबाईंनी चष्मा पुसला, पायमोज्यांची पेटी उघडली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत मी तयार झालो.

बाईंना हे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. विभागप्रमुखांनी बजावून ठेवलं होतं, की दोन महिन्यांनी समिती येईल. वर्ग बोलता झालेला दिसला नाही, तर पुढच्या वर्षीपासून हा विषय पडद्यावर, आधीच चित्रित केलेल्या व्याख्यानांतून शिकवला जाईल. आणि बाई जातील परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला. "तुम्हाला आकड्यांची आवड आहेच," असंही ते प्रेमाने म्हणाले होते.

पहिल्या दिवशी मी वर्गात उडालो तेव्हा काय ती धांदल! ऐंशी जणांच्या त्या खोलीत अडतीस मुलं, आणि अडतीसही बाकाखाली. ज्याच्या अंगावर मी पडलो, तो मला असा धरून बसला जणू मी रडेन. "सांग, मध्यगा म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मी आज नुसता बसायला आलोय."

पण तासाला चौदा-पंधरा वेळा मी उडत राहिलो आणि मुलं हळूहळू शहाणी झाली. तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसायची. वर्षभरात तिचा आवाज वर्गात कोणी ऐकला नव्हता. सगळे तिला 'मौनी' म्हणत. या मौनीने एक वही काढली. मी कुठून निघालो, बाई कुणाकडे बघत होत्या, मी पडलो कुठे, सगळं त्या वहीत. ती आली नाही की दुसरं कोणीतरी नोंद ठेवी. मी बाकावर पडलेला असताना ती वही माझ्या शेजारीच उघडी असायची. मला सगळं दिसत होतं. पण ज्याच्या हाती चेंडू त्याने बोलायचं, असा नियम होता. खुद्द चेंडूला बोलायची सोय नव्हती.

तीन आठवड्यांत मुलांना माझं बिंग कळलं. बाई ज्याच्याकडे बघतात, त्याच्याकडे मी जातच नाही! मी जातो त्याच्या उजव्या शेजाऱ्याकडे. झालं. त्या दिवसापासून प्रत्येक जण आपल्या उजवीकडची जागा रिकामी सोडून बसू लागला आणि टक लावून बाईंच्या डोळ्यांत बघू लागला. बाई फेकत, मी रिकाम्या जागेवर धप्प. कोणी झेललं नाही, म्हणून कोणी बोलायचं नाही. शेवटी बाई स्वतःच प्रश्नाचं उत्तर देत आणि मला उचलायला येत.

घरी बाईंचा आनंद मात्र बघवत नव्हता. "आई, काय लक्ष देतात हो आता! डोळ्यांत डोळे घालून ऐकतात. आणि बसतात कशी, एकेक जागा सोडून. शिस्त आलीय नुसती!"

"बोलतात का?"

"बोलतील," म्हणत बाई उजव्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसत. तो खांदा वर्षभर आखडलेला होता. हात कानाच्या वर जात नसे. विद्यापीठात त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आजारपण कळलं तर परीक्षा विभाग आणखी जवळ येईल, अशी त्यांना धास्ती होती. मी वाकडा जायचो, तो त्या खांद्यामुळे.

समिती आली ती दहा मिनिटं उशिरा. तीन जण, हातात तक्ते. पटापट रिकाम्या जागांवर बसले. अध्यक्ष बसले मौनीच्या उजवीकडे. अडतीस जण जागच्या जागी ताठ झाले. माझ्या पोटातले पायमोजेसुद्धा घट्ट झाले.

बाईंनी त्या दिवशी पुस्तक बंद ठेवलं होतं. "तुम्ही रोजच्या जगण्यात कधी आकडे गोळा केलेत का? आणि त्यावरून काही ठरवलंत का?" त्यांनी विचारलं, मौनीकडे बघितलं आणि मला फेकलं.

मी अध्यक्षांच्या तक्त्यावर बसलो.

"हे काय?" अध्यक्ष दचकले. "मी तपासायला आलोय!"

"ज्याच्या हाती चेंडू, त्याने बोलायचं असतं, सर," मागून कोणीतरी पुटपुटलं. वर्ग हसला. अध्यक्षांनी घाईघाईने मला मौनीच्या हातात कोंबलं. "तूच बोल बाई."

समिती कशाला आलीय, हे तिला ठाऊक होतं. गप्प राहिली, तर बाईंचा वर्ग जाणार. बोलली, तर सगळ्यांची लबाडी उघडी पडणार. तिने मला एकदा दाबून पाहिलं आणि ती उभी राहिली.

"मॅडम, आम्ही... तुमचा चेंडू मोजलाय."

"काय मोजलंय?"

"तीन आठवड्यांत दोनशे बारा वेळा फेकलात. त्यातल्या एकशे एकाहत्तर वेळा तो उजव्या शेजाऱ्याकडे गेला. उरलेले एक्केचाळीस इकडेतिकडे, पंखा, फळा आणि एकदा खिडकीबाहेर."

अध्यक्ष बाकावर सावरून बसले. "म्हणजे मी बसलोय ती जागा..."

"सगळ्यात धोक्याची आहे, सर. म्हणून तर रिकामी होती."

मग मागचा एक जण उठला. "पण गुरुवारचे आकडे वेगळे धरायला हवेत. त्या दिवशी मॅडमचा हात फारच खाली राहतो."

"गुरुवारी लागोपाठ तीन तास असतात त्यांना, म्हणून," खिडकीपाशी बसलेली म्हणाली.

"तुझं नेहमीचंच. कारण आधी, आकडे मागाहून!"

बघता बघता वर्ग भांडायला लागला. फळ्यावर आलेख आला, तो दुसऱ्याने पुसला, तिसऱ्याने नीट काढला. कोणी म्हणालं नोंदी पुरेशा नाहीत, कोणी म्हणालं आम्ही जागा बदलल्यावर प्रयोगच बिघडला. समितीतल्या एकांनी बोलायला दोनदा हात वर केला. त्यांच्या हाती चेंडू नव्हता, म्हणून कोणी ऐकलं नाही.

बाई मात्र टेबलाला टेकून उभ्या होत्या. कान लाल झाले होते. सगळे दमून थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "काम उत्तम आहे. मी शिकवलेल्यापेक्षा चांगलं आहे." मग डावा हात उजव्या खांद्यावर ठेवत म्हणाल्या, "माझा हात वर जात नाही, हे तुम्ही दोनशे बारा वेळा पाहिलंत. एकदाही कोणी विचारलं नाही, मॅडम, खांदा दुखतोय का?"

मित्रांनो, तेव्हाचे ते चेहरे मी कधी विसरणार नाही. कोणीच बाकाखाली गेलं नाही, तरी सगळे लपल्यासारखे दिसत होते. मौनी उठून पुढे आली. माझ्यासकट.

"दुखतोय का, मॅडम?"

"फार," बाई म्हणाल्या, आणि समितीसमोरच, वर्गात पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

अध्यक्षांनी अहवालात लिहिलं, 'वर्ग बोलतो. आवरणे कठीण. शिक्षिकेच्या नेमबाजीत सुधारणेस वाव.' विषय बाईंकडेच राहिला. दुसऱ्या दिवसापासून बाईंना मला फेकावंच लागलं नाही. जो बोलेल, तोच पुढच्याकडे फेकी. बाई खुर्चीवर बसून ऐकत आणि संध्याकाळी सासूबाई त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेत.

पुढे माझं फार कौतुक झालं आणि कौतुकानेच घात केला. विद्यापीठाने 'चेंडू-पद्धत' सगळ्या विभागांना सक्तीची केली आणि दोनशे प्लॅस्टिकचे चेंडू मागवले. ते टणक निघाले. तीन चष्मे फुटले आणि पद्धत बंद झाली. आता वर्गात मोबाईलच चिठ्ठी काढल्यासारखं कुणा एकाचं नाव पुकारतो. त्याच्या निवडीत काही खोड नाही, म्हणून त्याची वही कोणी ठेवत नाही. मी बाईंच्या कपाटावर असतो. एका बाजूने उसवलोय. पायमोज्याची एक टाच बाहेर डोकावते.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. आकडे मोजा, जरूर मोजा. पण कुणाचं काही दुखतंय असं दिसलं, तर वही मिटा आणि आधी जवळ जाऊन विचारा. आणि माझ्यासारखा कोणी जुना उसवलेला दिसला, तर त्याला चिकटपट्टी लावू नका, तिने जीव गुदमरतो. सुईदोरा घ्या, दोन टाके घाला. वाकडे आले तरी चालतील. मी तरी कुठे कधी सरळ गेलोय?