हसरे दात

वाटीतलं पाणी हललं तशी कवळीही जराशी हलली, आणि वरच्या पुढच्या दातांवर खिडकीचा उजेड क्षणभर चकाकून गेला – म्हणजे आज रविवार. इतर सहा दिवस ही काचेची वाटी न्हाणीघराच्या फळीवर, साबणाच्या मागे, झाकण घालून असते. रविवारी दुपारी बाबा ती स्वतः खाली काढतात, पाणी बदलतात आणि बेसिनच्या कडेवर ठेवतात, कारण चार वाजता धाकटी बहीण येते. धाकटी यायची म्हणून बाबा दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि सगळ्यात शेवटी दात घालतात. ते दात मी केलेत. या दोन हातांनी, एकेक दात मेणात बसवून... आणि मला ते बाबांच्या तोंडात बघायला मिळतात ते दुसरं कुणी यायचं असतं म्हणून.

खरं म्हणजे आज तिला दातांचा विचार करायचाच नव्हता. आज तिचं स्वतःचं काम होतं. एका लाँड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक खोली – एक खिडकी, एक कपाट, भिंतीला लागून पलंग आणि दाराला आतून कडी. बुधवारी कामावरून परस्पर जाऊन तिने ती बघितली होती. घरमालकीण निवृत्त शिक्षिका. "मला काकूबिकू म्हणायचं नाही, बाई म्हणायचं," असं आधीच बजावून त्या जिन्यात थांबल्या, आणि तेवढ्यात तिने ती कडी तीनदा लावली नि तीनदा काढली. घरी तिच्या खोलीला कडी नव्हती. धाकटी सहा वर्षांची असताना आत अडकली, रडून रडून लाल झाली, आणि बाबांनी त्याच संध्याकाळी कडी उखडून काढली. स्क्रूची भोकं अजून आहेत दारावर. धाकटी अडकली म्हणून कडी गेली, पण धाकटी गेली म्हणून काही कडी परत आली नाही. "रविवारी सहापर्यंत कळवा," बाई म्हणाल्या होत्या, "नाहीतर मी दुसऱ्या मुलीला हो म्हणेन." तर आज चहाच्या वेळी, सगळे बसलेले असताना, सांगून टाकायचं होतं. वाक्य तयार होतं – मी खोली बघितलीय, पुढच्या महिन्यात मी तिकडे राहायला जातेय. त्यात 'जाऊ का' नको, 'जातेय' हवं. धाकटीही 'जातेय' म्हणाली होती.

त्याला वर्ष झालं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी धाकटीने बिऱ्हाड केलं, आणि आई आठ दिवस रडली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मध्येच फडताळासमोर उभी राहून... आणि मी त्या रडण्याकडे काय म्हणून बघत होते? सांत्वन करत होते, पाठीवरून हात फिरवत होते, आणि मनात एकच – माझ्यासाठी ही एवढी रडेल? चार दिवस तरी? "तू आहेस म्हणून बरं," आई नाक पुसत म्हणाली होती. हे 'आहेस' तिच्या डोक्यातून जात नव्हतं. खुर्ची आहे, पंखा आहे, तू आहेस. धाकटी गेल्यापासून घरात जितकी दिसू लागली तितकी ती इथे राहत असताना कधीच दिसली नव्हती. शेजारच्या मावशींना आई कौतुकाने सांगायची, "सगळं एकटीनं करते हो. स्वयंपाक, धुणी, बँकेची कामं." अगं, मी काय करते मग? इथला स्वयंपाक, इथली धुणी, इथली बँकेची कामं काय आपोआप होतात? पण एकटी राहून तीच कामं केली की त्यांचा पराक्रम होतो. हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो याची लाजही वाटायची, आणि रविवार आला की लाज सुटीवर जायची.

"अगं, वरचे कप काढ ना," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

"रोजचे धुतलेत की."

"रोजचे आपल्याला. ती आठवड्यानं येते."

तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि निळ्या काठाचे कप काढले. हे कप पूर्वी फक्त पाहुण्यांसाठी निघत. त्या दोघी लहान असताना एकदा धाकटीने त्यांतला एक फोडला, आणि मार मिळाला हिला, लक्ष दिलं नाही म्हणून. कप आता पाच उरले होते. तिने चारच खाली घेतले, मग एक परत ठेवला आणि स्वतःसाठी रोजचा काढला. आईच्या ते लक्षात येईल म्हणून थोडी थांबली, पण आई दुधाचं भांडं विसळत होती.

कवळीची हकीकत अशी. ती काम करते त्या कार्यशाळेत दंतवैद्यांकडून हिरड्यांचे साचे येतात, आणि साच्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. दुधात भिजवल्यासारख्या पांढऱ्या त्या हिरड्यांवर गेली नऊ वर्षं ती मेण लावतेय, दात बसवतेय, घासतेय. मालकांचा एकच कडक नियम – आपल्या घरच्या माणसाच्या दातांना आपण हात लावायचा नाही. ते काम शेजारच्या टेबलावर द्यायचं. "अनोळखी तोंड असलं की तुम्ही चावा बघता," ते म्हणायचे, "ओळखीचं असलं की चेहरा बघायला लागता. आणि माणूस चेहऱ्याने जेवत नाही." बाबांचा साचा आला तेव्हा नंबर तिला ठाऊक होता. ती गप्प बसली. शेजारच्या टेबलावर दिला नाही. मेणात पुढचे दात बसवताना तिने समोर एक फोटो ठेवला होता, बारा वर्षांपूर्वीचा, बाबा खदाखदा हसतायत असा... तो एवढा एकच फोटो होता. त्यात बाबा धाकटीकडे बघून हसत होते. म्हणून तिने तो दुमडला. दुमडून धाकटी मागे गेली, तरी बाबांच्या खांद्यावर तिची चार बोटं राहिलीच. ती चार बोटं डोळ्यांसमोर ठेवून मी तुमचे दात लावले, बाबा. मालकांनी तयार कवळी हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "छान आहेत. हसरे दात आहेत." तिला ती शाबासकी वाटली.

पहिल्या दिवशी कवळी घालून बाबा बाहेर आले तेव्हा ते खरोखरच फोटोतले बाबा होते. गाल भरलेले, ओठ वर आलेला. आई लाजली, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि दुसऱ्या दिवसापासून कवळी वाटीत. सवय नाही म्हणाले, मग सर्दी म्हणाले, मग कुणी काही विचारेनासं झालं. मग एका रविवारी धाकटी आली आणि बाबा शर्ट घालून दातांसकट दारात उभे... तेव्हापासून हे असंच. धाकटी येताना सफरचंदं आणते, स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर खळकन टाकते, सफरचंद कापून बाबांपुढे धरते, आणि बाबा म्हणतात, "नंतर खातो गं, आत्ताच जेवलोय." ती गेल्यावर दात वाटीत जातात आणि आई चमच्याने सफरचंद खरवडून बशीत देते. तो कीस बाबा हिच्यासमोर बसून खातात, हनुवटीवर रस ओघळत, गप्पा मारत, मिटल्या पिशवीसारखं तोंड हलवत. हिच्यासमोर कशाला दात घालायचे? ही काय, आहेच.

पण आज सांगितलं की संपलं. मग मीही रविवारची. मीही घंटा वाजवीन, मलाही निळ्या काठाचा कप... आणि दार उघडेल तेव्हा बाबा दात घालून उभे असतील. तिला स्वतःचंच हसू आलं. एका खोलीसाठी घर सोडतात लोक, नोकरीसाठी सोडतात, लग्नासाठी सोडतात. बापाने आपल्यासाठी दात घालावेत म्हणून घर सोडणारी मी पहिलीच असेन.

साडेतीनला आई दूध आणायला खाली गेली. जाताना दार नुसतं लोटून गेली. पाच मिनिटांत तर यायचं होतं, पण रविवारी दुधाला रांग असते. ती न्हाणीघरापाशी आली. बाबांना आधी एकट्यांना सांगावं, म्हणजे चहाच्या वेळी सोपं जाईल, असं तिच्या मनात होतं. दार उघडं होतं, बाबा आरशासमोर होते. त्यांनी वरचे दात घातले, मग खालचे हातात घेतले, डोळे मिटले, खांदे उचलले – गार पाण्यात उडी मारायच्या आधी माणूस उचलतो तसे – आणि अंगठ्याने दाबून बसवले. डोळे उघडले तेव्हा ते पाण्याने भरलेले होते.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी गार होतं वाटीतलं."

"आ करा."

"अगं, ती येईल आता."

"बाबा, आ करा."

तिने दोन्ही कवळ्या काढून घेतल्या आणि त्यांना खोलीत खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. खालच्या हिरडीवर, पुढे, करंगळीच्या नखाएवढी जखम होती. ताजी नव्हे, भरून पुन्हा उघडलेली, कडा पांढऱ्या पडलेल्या. वर तसलीच एक लहान. बघताक्षणीच तिला कळलं. पुढचे दात तिने तसूभर पुढे लावले होते, फोटोतलं हसू यावं म्हणून. त्याने चेहरा भरतो, पण घास चावला की कवळी मागून सुटते आणि पुढून हिरडीत रुतते. शिकाऊ मुलीलाही हे माहीत असतं. तिलाही होतं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकं मन लावून केलंस तू." दात नसले की बाबांचे शब्द मऊ होतात, अर्धे फुटतात, ते तिला बरोबर कळतात. "म्हटलं, बसतील हळूहळू."

"आणि घालता कशाला मग? दर रविवारी? तिच्यासाठी तेवढे?"

हे तिने ज्या आवाजात विचारलं तो आवाज बाबांनी ऐकला असावा. 

"ती आठवड्यानं बघते ना गं. असं तोंड घेऊन समोर आलो तर तिला वाटेल, आपण गेलो आणि म्हातारा खचला. मग ती राहील का तिकडे सुखानं?" आणि मग अगदी सहज, "तुझं तसं नाही. तू आहेस."

पुन्हा तेच. पण या वेळी तो शब्द नेहमीच्या जागी लागला नाही, जरा बाजूला लागला... आणि तिथे दुखावं की नको हे तिला ठरवता येईना. तिने कामाच्या पिशवीतून बारीक कानस आणि चावा बघायचा निळा कागद काढला. कवळ्या घालून "चावा" म्हटलं, बाबांनी चावलं, कागदाचे ठिपके उठले ते सगळे पुढच्या दातांवर. त्या परत काढून ती घासू लागली. हसरे दात भुकटी होऊन तिच्या मांडीवर पडत होते. मग तिने दातांमागचा गुलाबी काठ घासला, पुन्हा बोट घालून हिरडी चाचपली, आणि बाबा तोंड उघडून, डोळे मिटून, मान तिच्या हातावर टाकून बसले. आता सांगावं, ती म्हणाली स्वतःशी. मी खोली बघितलीय... त्यांचं तोंड उघडं आहे, त्यांना मध्ये बोलताही येणार नाही.

"आई? दार उघडंच ठेवलंय का?"

धाकटी खोलीच्या उंबऱ्यात उभी होती, हातात सफरचंदांची पिशवी. लवकर आली होती.

बाबांनी डोळे उघडले. त्यांचा हात इतक्या झटकन तोंडावर गेला की तिचं बोट त्यांच्या ओठात अडखळलं. ते भिंतीकडे वळले. इस्त्रीच्या शर्टातली पाठ, आणि खाली वाकलेली मान.

"मी... बाहेर थांबते," धाकटी म्हणाली, पण गेली नाही. तिने बाबांच्या पाठीकडे बघितलं, मग ताईच्या मांडीवरच्या भुकटीकडे, तिच्या ओल्या बोटांकडे. "मला कुणी सांगितलंच नाही," ती हळू म्हणाली, "ताईला दाखवतात सगळं." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हिने लगेच ओळखलं; वर्षभर ते हिच्याच चेहऱ्यावर होतं. किल्ल्यांचा जुडगा तिने मुठीत आवळून धरला होता, तो वाजला नाही.

आधी आनंद झाला. खोटं कशाला बोला – आधी चांगला, पोटभर, कोता आनंद झाला. आणि तो ओसरायच्या आतच तिला ती लाँड्रीवरची खोली दिसली, ती कडी, आणि कुठल्या तरी रविवारी उघडणारं हे घराचं दार, नि दारात शर्ट घालून, दात घालून, सुंदर हसत उभे असलेले बाबा. माझ्यासाठी उभे. आणि मी दहा मिनिटं लवकर आले तर हाच हात, असाच, तोंडावर...

"दे गं," भिंतीकडे तोंड करूनच बाबा म्हणाले, आणि दुसरा हात त्यांनी पाठीमागे तिच्याकडे पसरला. "दे लवकर."

बाईंना कळवायला सहापर्यंत अजून दोन तास तरी होते. कवळी तिच्या मुठीत होती, ओली, अजून त्यांच्या तोंडाची ऊब असलेली. घासायचं जवळजवळ झालं होतं, आता ती टोचली नसती. बाबांचा तळवा उघडा, वाट बघत होता. द्यायला हवी होती. पण तिने मूठ सोडली नाही.