दीड वर्षाची साक्ष

पुण्याच्या कंपनीच्या मुलाखतीत श्रावस्तीने जे होतं तेच सांगितलं होतं. मुरुमच्या दूध डेअरीत दीड वर्ष काम. सॉफ्टवेअर मूळचं सोलापूरच्या एका इंजिनिअरचं; तिने त्यातल्या चुका काढल्या आणि दुधाला फॅट किती लागली याचा मेसेज शेतकऱ्यांना जाईल अशी सोय केली. एवढंच. तिच्या वर्गातल्या बहाद्दरांनी दीडाचे खुशाल चार केले होते. हिने एक महिनासुद्धा वाढवला नाही. मुलाखत घेणाऱ्याला नेमकं तेच आवडलं. आता डेअरीच्या चेअरमनना खात्रीचा एक फोन आला, की नोकरी पक्की.

चेअरमन धोंडप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, मोठ्या मनाचा माणूस. कुणाला दाखला देताना हात आखडता घेणं त्यांना जमतच नसे. दहावी नापासालाही ते ‘हुशार व होतकरू’ लिहून देत. फोन आला तेव्हा श्रावस्ती समोरच बसली होती, म्हणून त्यांनी कौतुकाने स्पीकर लावला.

“श्रावस्ती तुमच्याकडे किती वर्षं काम करतात?” कंपनीच्या बाईंनी विचारलं.

“पाच वर्षं झाली की. समदं सॉफ्टवेअर तिनंच बनवलंय, एकटीनं.”

पाच वर्षांपूर्वी ती बारावीत होती.

“त्यांनी तर दीड वर्ष सांगितलंय.”

“मॅडम, मी श्रावस्ती बोलतेय,” ती घाईने फोनवर वाकली. “दीडच वर्ष. मूळ सॉफ्टवेअर माझं नाही. आप्पा, तुम्ही सांगा ना त्यांना.”

वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं पाडलं म्हणून तिचे कान तापले. आप्पा फोन तोंडाजवळ नेऊन समजुतीने म्हणाले, “पोरगी लई लाजाळू हाय, मॅडम. ती खोटं बोलतीया. तुमी माझं ऐका.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

“दोघांच्या सांगण्यात मेळ नाही. अनुभवाची खात्री पटली नाही, असंच लिहावं लागेल मला,” बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

श्रावस्तीने फोन मागायला हात पुढे केला.

आप्पांनी समाधानाने फोन खिशात टाकला.

“बघ,” ते म्हणाले, “मी हुतो म्हणून बरं. तू तर सोताचं वाटोळं करून घ्यायला निघाली हुतीस.”